ब्रेस्ट लिफ्ट: दोन डॉक्टरांनी दोन वेगळे छेद सांगितले, मग खरं कुणाचं?

एका ताईंनी विचारलं आहे: वय ३७, दोन मुलं, धाकटं पाच वर्षांचं. गेल्या दीड वर्षात त्यांनी वजन ७८ वरून ६४ किलोवर आणलं, आणि वजन उतरलं तशी छाती ओघळली. एका प्लास्टिक सर्जननी सांगितलं की स्तनाग्राभोवती गोल छेद घेऊन काम होईल, व्रण फारसा दिसणार नाही. दुसऱ्यांनी मापं घेऊन कागदावर ‘ग्रेड २ ते ३’ लिहिलं, खालच्या घडीपर्यंत जाऊन घडीत आडवा पसरणारा, उलट्या टीसारखा छेद लागेल म्हणाले आणि हवं तर इम्प्लांटचाही, म्हणजे भरावासाठी आत बसवायच्या सिलिकॉनच्या पिशवीचाही, विचार करा असं सुचवलं. ताई विचारतात, कमी कापणारा डॉक्टर चांगला की जास्त कापणारा? आपण उगाच अंगावर पाजलं म्हणून हे झालं का? आणि ऑफिसला किती दिवस सुट्टी टाकावी लागेल?

ताई, मी बरीच वर्षं ओघळलेले स्तन वर उचलण्याची ही शस्त्रक्रिया करते आहे, आणि दोन डॉक्टरांची दोन मतं घेऊन गोंधळलेल्या बायका माझ्याकडे नेहमी येतात. त्यांना मी आधी हेच सांगते की छेद किती लांब, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तुमच्या अंगावर कातडी किती जास्त आहे, ती कुठल्या दिशेला जास्त आहे आणि स्तनाग्र किती वर न्यायचं आहे. या तिन्हींची उत्तरं मापं घेऊन मिळाली की छेद बहुतेक वेळा आपोआप ठरतो. व्रण लहान हवा म्हणून लहान छेद घेतला आणि कातडी मात्र भरपूर जास्त असली, तर आकार बिघडतो. तो बिघडलेला आकार व्रणापेक्षा जास्त खुपतो, कारण व्रण वर्षा-दीड वर्षात फिका पडतो, आकार मात्र आपोआप सुधारत नाही.

पाजण्याचं आधी सांगते, कारण तो सल मनात ठेवून कुणी निर्णय घेऊ नये. अंगावर पाजल्याने स्तन ओघळतात हे आपल्याकडे आया-सासवांपासून सगळे म्हणतात. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या सर्जननी नेमकं हेच तपासलं होतं. पाजण्याचा संबंध त्यांना आढळला नाही. वाढतं वय, गर्भारपणांची संख्या, स्तन मुळात मोठे असणं, जास्त वजन, बरंच वजन उतरणं आणि धूम्रपान यांचा मात्र आढळला. गर्भारपणात स्तन भरतात आणि नंतर रिकामे होतात. मग बाळाला पाजा किंवा पाजू नका. तुमच्या बाबतीत त्यावर १४ किलो उतरल्याची भर पडली. चरबी गेली, कातडी तेवढीच राहिली, आणि आतले तंतू, ज्यांना आम्ही कूपरचे लिगामेंट म्हणतो, ते ताणले ते ताणलेच. स्तनात स्नायू नसतो, तो मागे छातीच्या पिंजऱ्यावर असतो. त्यामुळे डंबेल्सने तो मागचा स्नायू भरेल, पण पुढची सैल कातडी आणि खाली आलेलं स्तनाग्र वर जाणार नाही. क्रीम, मसाज आणि लेसरचंही तेच. सुया घालून धागे ओढण्याचा जो प्रकार विकला जातो, तोही ग्रेड २-३ ला मी सुचवत नाही. स्तनाचं वजन धाग्यावर टिकत नाही.

आता ग्रेडबद्दल. मॉन्ट्रियलच्या सर्जन पॉल रेन्यो यांनी १९७६ साली मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात, कारण ती सोपी आहे. आरशासमोर ब्रा न घालता सरळ उभं राहायचं, स्तनाखालच्या घडीत पट्टी आडवी धरायची आणि बाजूने बघायचं. स्तनाग्र घडीच्या रेषेत किंवा जेमतेम एक सेंटिमीटर खाली असेल तर ग्रेड १. एक ते तीन सेंटिमीटर खाली गेलं असेल पण त्याच्याखाली अजून स्तनाचा भाग दिसत असेल तर ग्रेड २. तीनपेक्षाही खाली, अगदी तळाला आणि जमिनीकडे तोंड करून असेल तर ग्रेड ३. आणखी एक प्रकार असतो, त्यात स्तनाग्र जागेवर म्हणजे घडीच्या वरच असतं, पण खालचा भाग पोटाच्या दिशेने लोंबतो. ती खरी ओघळण नाही, तिचं गणित वेगळं असतं. यासोबत आम्ही गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचं आणि स्तनाग्रापासून घडीपर्यंतचं अंतर मोजतो. डावा-उजवा फरकही मोजतो, आणि तो जवळजवळ प्रत्येकीत असतो. टेप न लावता, नुसतं बघून छेद सांगितला असेल तर तो सल्ला मी अर्धवट समजते. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी मापं घेतली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचं आहे.

सगळ्यांत छोटा प्रकार म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या वरच्या कडेने चंद्रकोरीएवढी कातडी काढणं. याने स्तनाग्र फार तर एखादा सेंटिमीटर वर जातं. दोन्ही बाजूंत थोडा फरक असेल तर तो जुळवायला हे बरं, पण नुसतं यावर मी कुणाचीच ओघळण दुरुस्त करायला जाणार नाही. वर्तुळ वरच्या बाजूला ओढलं जाऊन लांबट होतं.

तुम्हाला पहिल्यांदा सांगितला तो गोल छेदाचा प्रकार. पॅरिसच्या लुई बेनेली यांनी १९९० साली याची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वर्तुळाभोवती दुसरं मोठं वर्तुळ आखायचं, मधल्या कड्याची वरवरची कातडी काढायची आणि बाहेरची कड एका न विरघळणाऱ्या टाक्याने परकराच्या नाडीसारखी आवळून आत आणायची. ऐकायला हे फार छान वाटतं, व्रणही रंग बदलतो त्याच सीमेवर बसतो. पण नाडी आवळली की चुण्या पडतात, तशा इथेही पडतात. थोड्या असल्या तर काही महिन्यांत विरतात. कडं रुंद असलं तर चुण्या राहतात, ताणामुळे वर्तुळ पुन्हा पसरतं, व्रण रुंदावतो आणि स्तन पुढून चपटा दिसतो, कारण सगळा ताण नेमका जिथे उभार हवा तिथेच येतो. म्हणून बाहेरचं वर्तुळ आतल्याच्या दुपटीहून फार मोठं आखू नये असा आमच्यात दंडक आहे. स्तन लहान, कातडीला ताण चांगला आणि स्तनाग्र एक-दोन सेंटिमीटरच वर न्यायचं असेल, तर या पद्धतीचे निकाल सुंदर येतात. १४ किलो वजन उतरलेल्या कातडीत तो ताण सहसा उरलेला नसतो, आणि तुमच्या कागदावर ग्रेड २ ते ३ आहे. म्हणून नुसत्या गोल छेदाच्या सल्ल्याबद्दल मी साशंक आहे. तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय चूकच म्हणणार नाही.

त्यानंतरचा उभ्या छेदाचा प्रकार, म्हणजे वर्तुळाभोवती गोल आणि तिथून खाली घडीपर्यंत सरळ रेघ. काडीवरच्या लॉलीपॉपच्या आकारामुळे इंग्रजीतही त्याला तेच नाव पडलं आहे. फ्रान्सचे क्लोद लास्यूस आणि ब्रुसेल्सच्या मादलेन लेजूर यांनी हा रुळवला, कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडली यांनी १९९९ साली तो आणखी सोपा करून मांडला, आणि आज मी स्वतः सगळ्यांत जास्त हाच करते. कारण यात काम नुसत्या कातडीवर होत नाही. खालचा सैल भाग काढून किंवा वर वळवून, आतल्या ग्रंथीचे दोन खांब एकमेकांना शिवले जातात. स्तनाचा पाया अरुंद होतो आणि उभार आतल्या मांसाच्या आधारावर उभा राहतो. कातडी ही शेवटी कातडी आहे, ती एकदा सैल पडली तशी पुन्हा पडणार. भार आतल्या टाक्यांवर असेल तर आकार जास्त टिकतो.

या प्रकारात एक गोष्ट आधी सांगितली नाही तर बाई घाबरून जाते. पहिले दोन-तीन महिने आकार विचित्र दिसतो. वरचा भाग जरुरीपेक्षा फुगीर आणि खाली, रेघेच्या तळाशी, कातडी गोळा झालेली. ती हळूहळू बसते, साधारण सहा महिन्यांत खरा आकार दिसतो. क्वचित तळाशी थोडी कातडी उरते आणि ती नंतर इंजेक्शनच्या भुलीखाली काढावी लागते.

उलट्या टीचा छेद, जो तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितला, त्यात उभ्या रेघेच्या जोडीला घडीत आडवी रेघ येते. १९५६ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट वाइज यांनी चक्क ब्रेसिअरच्या कापणीवरून याचं आरेखन बसवलं, म्हणून त्याला वाइज पॅटर्न म्हणतात. उभा छेद रुंदीतली जास्तीची कातडी काढतो. पण स्तनाग्रापासून घडीपर्यंतची लांबीही फार वाढली असेल, तर ती काढायला आडवाच छेद लागतो. ग्रेड ३ ला, खूप वजन उतरलेल्यांना आणि मोठ्या स्तनांना हाच जास्त भरवशाचा. त्याचं दुखणं म्हणजे दोन रेघा जिथे मिळतात तो कोपरा. तिथे तीन बाजूंचा ताण येतो आणि रक्तपुरवठा सगळ्यांत कमी असतो, त्यामुळे नखाएवढी जखम उघडी पडणं अगदी नेहमीचं आहे. दोन-तीन आठवडे ड्रेसिंग करून ती भरते. आडवी रेघ घडीत लपते, फक्त ती दोन स्तनांच्या मधोमध आणता कामा नये, कारण छातीच्या मध्यावर आपल्या कातडीत व्रण फार उठून येतात. या दोहोंच्या मधला मार्गही आहे: उभी रेघ आणि तळाशी फक्त बाहेरच्या बाजूला वळलेला छोटा आडवा तुकडा, इंग्रजी एल किंवा जे अक्षरासारखा. ग्रेड २ आणि ३ च्या सीमेवर असलेल्या बऱ्याच जणींना मी तो करते. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

म्हणजे स्तनाग्र थोडंच खाली आणि कातडी घट्ट असेल तर गोल छेद, रुंदीत सैल असेल तर उभा, लांबीतही सैल असेल तर आडव्याची जोड. तुमचं वय, वजन उतरणं आणि कागदावरचा ग्रेड बघता तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गटात बसाल असं मला वाटतं.

एक भीती बहुतेकींच्या मनात असते आणि त्या लाजून विचारत नाहीत. स्तनाग्र कापून वेगळं काढतात आणि वर लावतात का? नाही. ते खालच्या मांसाच्या एका पट्ट्याला जोडलेलंच राहतं, त्याच पट्ट्यातून रक्तवाहिन्या आणि संवेदना येतात, आणि त्या पट्ट्यासकट ते वर सरकवलं जातं. स्तनाग्र पूर्ण सुटं करून पुन्हा लावण्याची वेळ अतिप्रचंड स्तन लहान करताना क्वचित येते. संवेदना काही महिने बोथट राहते, बहुतेकींची परत येते, काहींची पूर्ण येत नाही. स्तनाग्राचा रक्तपुरवठा बिघडून भाग काळा पडणं दुर्मीळ आहे, पण तंबाखू घेणाऱ्यांमध्ये तो धोका खूप वाढतो. इथे मी सिगारेटपुरतं विचारत नाही, मशेरीचंही विचारते. आपल्याकडे अनेक बायका सकाळी दाताला मशेरी लावतात आणि तिला तंबाखूत धरतच नाहीत. निकोटिन हिरडीतून रक्तात गेलं तरी रक्तवाहिन्या तशाच आवळतात. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर ती पूर्ण बंद असायला हवी. लावत असाल तर डॉक्टरांना सांगा, कुणी रागावणार नाही.

व्रण कसे येतील हे बऱ्याच अंशी तुमच्या कातडीवर आहे. मी तपासताना डाव्या दंडावरची बीसीजीची खूण बघते, कान-नाक टोचल्याच्या जागा बघते, सिझेरियन झालं असेल तर तो व्रण बघते. हे सपाट असतील तर काळजी कमी. कुठे केलॉइडची, म्हणजे व्रणाच्या जागी वाढत जाणारी, गाठ उठलेली असेल तर छेदाची लांबी कमी ठेवण्याकडे कल ठेवते, प्रसंगी शस्त्रक्रिया करूच नका असंही सांगते. जखम पूर्ण भरली की साधारण तीन आठवड्यांनी सिलिकॉन जेल किंवा पट्टी सुरू करून निदान तीन महिने लावायची. पहिले चार-सहा महिने व्रण लालसर किंवा काळपट आणि कडक लागतो. नेमक्या त्याच काळात बायका निराश होऊन फोन करतात. वर्ष-दीड वर्षाने बघा.

इम्प्लांटकडे वळते. लिफ्टने स्तन वर येतो, भरत नाही. उलट जागेवर आल्यावर तो आधीपेक्षा लहान वाटतो, आणि गळ्याजवळचा वरचा भाग रिकामा असेल तर तो पूर्ण भरून येईल अशी आशा ठेवू नये. ब्रा घालून तुम्ही कशा दिसता ते आठवा. ब्रामध्ये भराव पुरेसा वाटत असेल तर तुम्हाला नुसती लिफ्ट पुरेल. ब्रामध्येही कप रिकामा राहत असेल तरच भर घालण्याचा विचार करावा. इम्प्लांट आणि लिफ्ट एकत्र करताना आपण कातडी आवळतोही आणि आतून ताणतोही. दोन्ही ताण एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ एकट्या लिफ्टपेक्षा जास्त वेळा येते. पातळ, ताणलेल्या कातडीत इम्प्लांटचं वजन पुन्हा खाली ओढतं. शिवाय इम्प्लांट आयुष्यभराचा नसतो, त्याची तपासणी चालू ठेवावी लागते आणि कधी ना कधी तो बदलावा किंवा काढावा लागतो. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती होणाऱ्या लिम्फोमा नावाच्या एका दुर्मीळ कॅन्सरमुळे २०१९ साली ॲलर्गन कंपनीने तसे इम्प्लांट जगभरातून परत बोलावले, हेही तुम्हाला माहीत असावं. मी अशा वेळी आधी लिफ्ट करते, खालचा सैल भाग फेकून न देता वर वळवून भराव देते आणि सहा महिने थांबायला सांगते. तेव्हाही कमी वाटलं तर मांडीची किंवा पोटाची चरबी भरता येते. त्यातली काही जिरते, त्यामुळे कधी दोनदा करावं लागतं. इम्प्लांट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तो तुम्ही मागितलेला नसताना कुणी सुचवतंय म्हणून घेऊ नका.

तारीख ठरवण्याआधी थोडं थांबायची गरज आहे का ते बघा. वजन निदान सहा महिने स्थिर हवं. अजून आठ-दहा किलो उतरवायचे असतील तर आधी ते उतरवा, नाहीतर पुन्हा सैल पडेल. आणखी मूल हवं असेल तर त्यानंतरच करा. लिफ्टनंतर बऱ्याच जणी पाजू शकतात, पण पुरेसं दूध येईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. घडीत घामाने पुरळ किंवा बुरशी झाली असेल तर ती पूर्ण बरी करून या, मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे फार आढळतं. तुमच्या वयाला स्तनांची सोनोग्राफी करावी, आई-मावशी-बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल किंवा चाळिशी उलटली असेल तर मॅमोग्राफीही. काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. पुढे केव्हाही मॅमोग्राफी केलीत तर लिफ्ट झाल्याचं तिथे सांगा, कारण आतले व्रण फिल्मवर दिसतात. मेडिक्लेम याला पैसे देत नाही आणि सौंदर्यशस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून अंदाजपत्रक करासकट लेखी घ्या. सर्जनची पदवी प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे ना, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे ना, हे निःसंकोच विचारा. पहिल्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलात तर मापं घ्यायला सांगा, आणि तुमच्यासारख्याच ओघळणीवर गोल छेद घेतलेल्या रुग्णांचे वर्षानंतरचे फोटो दाखवायला सांगा. पंधरा दिवसांनंतरचे फोटो सगळ्यांचेच छान असतात.

सुट्टीचं. शस्त्रक्रिया पूर्ण भुलीत दोन ते साडेतीन तास चालते, बहुतेकदा एक रात्र राहावं लागतं. दुखणं पहिले तीन-चार दिवस, तेही साध्या गोळ्यांनी आटोक्यात राहतं. बैठं काम असेल तर दहा दिवस सुट्टी टाका, दोन आठवडे मिळाली तर उत्तम. वायर नसलेली स्पोर्ट्स ब्रा सहा आठवडे रात्रंदिवस घालायची, ती पुढून उघडणारी घ्या म्हणजे हात वर करावे लागणार नाहीत. स्कूटर तीन-चार आठवड्यांनी, कारण गचके आणि ब्रेक दोन्ही छातीला लागतात. धाकट्याला उचलणं, पाण्याची बादली, माळ्यावरचे डबे हे सगळं सहा आठवडे दुसऱ्या कुणाकडे सोपवा. ही सोय घरात आधी लावा आणि मग तारीख घ्या. शाळेच्या परीक्षा किंवा घरातलं लग्नकार्य तोंडावर असेल तर ते होऊन जाऊ द्या.